हिशेब कंपनीचे, हमी मात्र ऑडिटरची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सत्यम या आयटी कंपनीचा हिशेबांतला घोटाळा २००९ मध्ये उघड झाला आणि ऑडिटरच्या सहीवरचा लोकांचा विश्वास उडाला. नंतर आलेला २०१३ चा कंपनी कायदा, मोठ्या कंपन्यांना ठरावीक वर्षांनी ऑडिटर बदलण्याची सक्ती, २०१८ मध्ये स्थापन झालेली एनएफआरए ही ऑडिटरांवर देखरेख ठेवणारी संस्था, हे सगळे आवश्यकच होते. माझी तक्रार एकाच नियमाबद्दल आहे.

१ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिट ट्रेल’ बंधनकारक झाला. कोणती नोंद कधी बदलली, याचा माग त्यात राहतो आणि तो बंद करता येत नाही. मला ही सोय मनापासून आवडते. मी ऑडिट करते त्या इचलकरंजीतल्या एका सायझिंग (विणण्याआधी सुताला खळ देणाऱ्या) कंपनीचा एडिट लॉग, म्हणजे हा माग, मी उघडला, तर नोव्हेंबरमधल्या सूतखरेदीच्या बिलाची रक्कम एप्रिलमध्ये कमी केलेली दिसली. अकाउंटंटने दरफरकाची डेबिट नोट, म्हणजे वेगळी दुरुस्तीची नोंद, करायचे सोडून जुने बिलच बदलले होते. पूर्वी हे कधीच कळले नसते.

पण बदल केला कोणी? लॉगमध्ये नाव होते ‘अ‍ॅडमिन’. तो पासवर्ड मालकांना माहीत, त्यांच्या मुलाला माहीत आणि सकाळी दोन तास येणाऱ्या अकाउंटंटलाही माहीत. अशा ठिकाणी ट्रेल वर्षभर, सर्व व्यवहारांसाठी चालू होता का, त्यात कुठे छेडछाड झाली का, हे मला अहवालात लिहून द्यायचे आहे. मोठ्या कंपनीच्या ऑडिटरकडे यासाठी संगणक तपासणारी स्वतंत्र माणसे असतात. माझ्याकडे दोन आर्टिकल, म्हणजे शिकाऊ सीए, आहेत, आणि फी किती द्यायची हे ज्याचे हिशेब तपासायचे तोच ठरवतो.

सरकारला हा फरक कळत नाही असेही नाही. ऑडिटरने अहवालात आणखी काय काय लिहायचे हे सांगणाऱ्या ‘कारो २०२०’ या आदेशातून लहान खासगी कंपन्या वगळल्या आहेत: भांडवल व गंगाजळी मिळून १ कोटीपर्यंत, कर्ज १ कोटीपर्यंत, उत्पन्न १० कोटींपर्यंत. ऑडिट ट्रेलच्या अहवालाला मात्र अशी कोणतीच मर्यादा नाही.

माझ्या ओळखीचे काही सीए आता कंपनी ऑडिट सोडून फक्त जीएसटी आणि आयकराची कामे घेतात. ‘एवढ्या फीमध्ये एवढी जोखीम कशाला?’ हा त्यांचा प्रश्न मला खोडता येत नाही. त्यांनी सोडलेली कामे शेवटी न बघता सही करणाऱ्याकडे जातात, आणि कायद्याला नेमका तोच माणूस नको होता.

ट्रेल ठेवण्याची सक्ती लहान कंपन्यांवरही राहू द्या. जुन्या तारखेच्या नोंदी तिथेच जास्त होतात. फक्त त्याची हमी देण्याचे कलम ‘कारो’च्याच मर्यादेपर्यंत ऑडिटरच्या अहवालातून काढावे आणि ते निवेदन संचालकांकडून, त्यांच्या सहीने घ्यावे, अशी कंपनी व्यवहार मंत्रालयाला विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक चार्टर्ड अकाउंटंट, इचलकरंजी