नायट्रोजन किती टक्के, एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

करवंटी, उसाचे चिपाड, केळीची साल यांपासून ‘ग्राफीन’ (एका अणूइतक्या जाडीची कार्बनची जाळी) केले, त्यात नायट्रोजन घातला आणि इंधनघटात (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या साधनात) उत्प्रेरक म्हणून लागणाऱ्या महागड्या प्लॅटिनमला पर्याय सापडला, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. (चिपाड भट्टीत भाजून मिळतो तो बहुतेक वेळा सच्छिद्र कार्बन असतो, ग्राफीन नव्हे, पण ते तूर्त सोडून देऊ.) या बातम्यांत हमखास एकच आकडा असतो, अमुक टक्के नायट्रोजन. तेवढ्यावरून पदार्थाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही.

सिलिकॉनमध्ये पाच कोटी अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू घातला तरी विद्युतवहन स्पष्ट बदलते. तिथे ही भेसळ (डोपिंग) मोजूनमापून होते आणि घातलेला अणू ठरलेल्या जागीच बसतो. कार्बनमध्ये शंभरात दोन-पाच अणू नायट्रोजनचे घालतात, आणि ते कुठे बसतील यावर आपला ताबा फार थोडा असतो. जाळीतल्या कार्बनच्या जागी, तीन शेजाऱ्यांमध्ये बसलेला ग्राफिटिक नायट्रोजन साधारण अर्धा इलेक्ट्रॉन जाळीला देतो. कडेला किंवा भोकाच्या काठावर दोनच कार्बन शेजारी असलेला पिरिडिनिक नायट्रोजन असे देत नाही. त्याची इलेक्ट्रॉनजोडी प्रतलातच अडकते, आणि शेजारच्या रिकाम्या जागेमुळे उलट इलेक्ट्रॉनांची तूट पडू शकते. तिसरा, पिरोलिक, पाच अणूंच्या कड्यात असतो. म्हणजे एकाच टक्केवारीचे दोन नमुने, एक एन-प्रकारचा (इलेक्ट्रॉन जास्त) आणि दुसरा पी-प्रकारचा (इलेक्ट्रॉन कमी), असे होऊ शकते. एक्सपीएस या क्ष-किरण तपासणीत पिरिडिनिक, पिरोलिक आणि ग्राफिटिक हे तिघे अनुक्रमे सुमारे 398.5, 400 आणि 401 इलेक्ट्रॉनव्होल्टला दिसतात. शिखरे इतकी एकमेकांत मिसळलेली असतात की आलेखाखाली हवी ती विभागणी बसवता येते. म्हणून नुसती विभागणी पुरत नाही, मूळ आलेख पाहावा लागतो.

टक्केवारी कशी फुगते तेही सांगायला हवे. नेहमीची कृती अशी: ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजन जोडलेले ग्राफीन) एक भाग, युरिया दहा भाग, पाण्यात एकजीव करून गोठवून सुकवायचे, आर्गॉनच्या प्रवाहात मिनिटाला 5 अंशांनी तापवत 800 अंश सेल्सिअसला नेऊन तासभर ठेवायचे. युरिया 133 अंशांना वितळतो, पुढे त्यातून अमोनिया सुटतो आणि 550 अंशांच्या आसपास मागे कार्बन नायट्राइड उरते. भट्टी तिथेच थांबवली तर तपासणीत नायट्रोजन भरघोस दिसतो, पण तो ग्राफीनमध्ये गेलेला नसतो, वर बसलेल्या पिवळसर, वीज न वाहणाऱ्या पदार्थात असतो. तापमान 700 अंशांच्या वर नेले की तो विघटित होऊन जातो आणि खरा, कमी आकडा समोर येतो. घाईने तापवले तर ग्राफीन ऑक्साइड 200 अंशांजवळ भसकन फुगते आणि पूड भट्टीच्या नळीत ठेवलेल्या नावेसारख्या भांड्यातून उडून नळीभर पसरते. नळीच्या थंड टोकाला पांढरे स्फटिक साचून वायूची वाट बंद होते, त्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

सगळ्यात मोठी फसगत मात्र धातूंमुळे होते. ग्राफीन ऑक्साइड बहुतेक ठिकाणी हमर्स पद्धतीने, म्हणजे 1 ग्रॅम ग्राफाइटला 3 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि संहत सल्फ्युरिक आम्ल घालून बनते. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने कितीही धुतले तरी मँगनीजचे अंश राहतात. चिपाडात आणि सालींत लोह असतेच. एक्सपीएसची पकड साधारण 0.1 टक्क्यापर्यंत, त्याखालचे लोह तिला दिसत नाही, पण नायट्रोजनशी जोडलेले तेवढे लोहही इंधनघटातली ऑक्सिजनची अभिक्रिया जोरात चालवू शकते. ‘धातुविरहित’ हा शब्द त्यामुळे जपून छापावा. 2009 साली ‘सायन्स’मध्ये नायट्रोजनयुक्त कार्बन नॅनोनळ्यांचा गाजलेला निबंध आला. त्या नळ्या लोहयुक्त थॅलोसायनिनपासून वाढवलेल्या होत्या. संशोधकांनी लोह काढून टाकले होते, तरी अशा पदार्थांत काम नेमके कोण करते हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. 2016 मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातील गटाने शुद्ध ग्राफाइटच्या नमुन्यावर दाखवले की पिरिडिनिक नायट्रोजनशेजारचा कार्बन खरोखरच क्रियाशील असतो. तेव्हा नायट्रोजनचा गुण खोटा नाही. प्रत्येक नमुन्यात श्रेय त्याचेच असते, हे मात्र गृहीत धरता येत नाही.

2020 मध्ये प्राग येथील मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी याची थट्टाच केली. त्यांनी ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा घालून दाखवली. नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक सगळे त्यात आयते होते, आणि हे ग्राफीन काहीही न घातलेल्या ग्राफीनपेक्षा उत्प्रेरक म्हणून सरस ठरले! ‘एसीएस नॅनो’सारख्या मान्यवर नियतकालिकात छापलेला तो लेख उपरोधिक होता, मोजमापे खरी होती. साध्या ग्राफीनपेक्षा सरस ठरणे इतके सोपे असेल तर तेवढ्यावर मथळा करू नये.

ग्राफीनच्या पातळ पारदर्शक, वीज वाहणाऱ्या थरांची गोष्ट वेगळी. तिथे अणू बदलत नाहीत, वरून रसायन लावून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. यालाही डोपिंगच म्हणतात. दक्षिण कोरियात 2010 मध्ये 30 इंची ग्राफीनचे चार थर नायट्रिक आम्लाने डोप करून 90 टक्के पारदर्शकतेला सुमारे 30 ओहम प्रति चौरस रोध मिळवला होता. पण नायट्रिक आम्ल उडून जाते आणि रोध पुन्हा चढतो. गोल्ड क्लोराइड वापरले तर सोन्याचे कण साचून पारदर्शकता घटते. अशा बातमीत रोधाचा आकडा डोपिंगनंतर किती दिवसांनी मोजला, ते हवे.

उत्प्रेरकाच्या बातमीसाठी बातमीदाराने विचारावे: युरियाशिवाय, बाकी सगळे तेच ठेवून भाजलेला नमुना कसा वागला? आयसीपी-एमएसने (धातूंचा सूक्ष्म अंशही मोजणाऱ्या तपासणीने) लोह आणि मँगनीज किती निघाले? चाचणीत दुसरा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा होता की कार्बनच्या कांडीचा? आम्लात प्लॅटिनम किंचित विरघळून नमुन्यावर बसते आणि मग प्लॅटिनमला पर्याय म्हणून प्लॅटिनमच मोजले जाते. आम्ली द्रावणात लोहाला चिकटून त्याचे काम रोखणारे पोटॅशियम थायोसायनेट 5 ते 10 मिलीमोलर घालून प्रवाह पडला, तर काम धातू करत होता असा दाट संशय घ्यावा. न पडला तरी लोह नाहीच असे मात्र म्हणता येत नाही. ही माहिती शोधनिबंधाच्या पुरवणीत असते, आणि नसली तर प्रयोगशाळेला एक फोन करून मागता येते.

आपले,
कार्बन पदार्थांवर काम करणारे दोन वाचक, पुणे