गालाची सूज आणि सोनोग्राफी

मा. संपादक, स. न. वि. वि.

मुलाचा गाल सुजला की ‘गालगुंड असेल’ म्हणून आपल्याकडे हळदीचा लेप लावून वाट पाहिली जाते, नाहीतर अक्कलकोट-मंगळवेढ्याहून थेट सोलापूर गाठून पालकच सीटी स्कॅनचा आग्रह धरतात. दोन्ही टोके चुकीचीच. सूज लाळग्रंथीची आहे, लसिकाग्रंथीची (संसर्गाशी लढणाऱ्या गाठीची) आहे की आत पू साठला आहे, हे सोनोग्राफीत बहुधा कळते. तिच्यात सीटी स्कॅनसारखा किरणोत्सर्ग नसतो आणि मूल आईच्या मांडीवर असतानाही ती करता येते. दाढ किडल्याचा संशय असल्यास दातांचा एक्स-रे बहुतेक वेळा पुरतो. (दुधाच्या दाताला ‘पडणारच आहे’ म्हणून कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.) मात्र पापणी सुजून डोळा पुढे आला, हलेनासा झाला किंवा दिसणे कमी झाले, तर संसर्ग डोळ्याच्या खोबणीत पसरल्याची शक्यता असते आणि अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलेल्या सीटी स्कॅनला किरणांच्या भीतीने नकार देणे महागात पडू शकते.

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या वारी तरी सोनोग्राफी करणारे तज्ज्ञ डॉक्टर (रेडिओलॉजिस्ट) उपलब्ध असावेत आणि ते वार बाह्यरुग्ण विभागाच्या दारावर ठळक लिहावेत, अशी आरोग्य विभागास विनंती आहे.

– एक पालक, सोलापूर