ठाणे-नवी मुंबईचे इंटरनेट आणि कोअर राऊटरची निवड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली ते पनवेल या पट्ट्यात बऱ्याच घरांत ब्रॉडबँड येते ते स्थानिक छोट्या पुरवठादारांकडून. त्यांतले अनेक जण मुळात केबल टीव्हीच्या धंद्यातले. फायबर ओढणे, स्प्लायसिंग (फायबरचे सांधे जोडणे), भर पावसात इमारतीत जाऊन दुरुस्ती करणे यात ते तरबेज आहेत. पण रात्री आठ ते अकराच्या दरम्यान हजारो घरांचे नेट एकदम बसते, तेव्हा ‘कुठेतरी फायबर कट आहे’ हे नेहमीचे उत्तर पुरत नाही. एक कट एका भागाचे नेट घालवतो. सगळ्या भागांचे एकाच क्षणी गेले, तर संशय रॅकमधल्या कोअर राऊटरवर, म्हणजे पुरवठादाराची सगळी वाहतूक ज्यातून जाते त्या मुख्य यंत्रावर, घ्यायला हवा. या यंत्राच्या निवडीत कुठे चुकते आणि काय पाहून ते घ्यावे, हे पुरवठादारांसाठी आणि त्यांच्याशी करार करणाऱ्या सोसायट्यांसाठी लिहीत आहे.

पहिली चूक म्हणजे माहितीपत्रकावरचा गिगाबिटचा आकडा पाहून खरेदी करणे. राऊटर दमतो तो पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्यांच्या, संख्येने. १० गिगाबिटच्या पोर्टवर पूर्ण आकाराची, म्हणजे सुमारे १,५०० बाइटची पॅकेट आली तर सेकंदाला साधारण ८.१ लाख पॅकेट हाताळावी लागतात. तोच पोर्ट ६४ बाइटच्या पॅकेटने भरला तर १ कोटी ४८ लाखांच्या वर. डीडॉस हल्ल्यात (अनेक ठिकाणांहून एकदम वाहतूक ओतून जाळे ठप्प करण्याच्या प्रकारात) पुष्कळदा अशीच बारीक पॅकेट येतात, म्हणून कागदावर ‘४० गिगाबिट’ असलेला डबा ४ गिगाबिटच्या हल्ल्यातही गुडघे टेकतो. विक्रेत्याला विचारावे की ५१२ आणि ६४ बाइटच्या पॅकेटवर, फिल्टर लावलेले असताना क्षमता किती? मायक्रोटिक आपल्या प्रत्येक मॉडेलच्या पानावर असा तक्ता देते: कोणताही नियम नसताना, २५ फायरवॉल नियम असताना, २५ क्यू (वेगमर्यादेच्या रांगा) असताना. पहिल्या आणि शेवटच्या ओळीतला फरक एकदा पाहिला की निर्णय आपोआप बदलतो.

आपली गरज मोजण्यासाठी अपस्ट्रीम लिंकच्या, म्हणजे ज्या मोठ्या कंपनीकडून आपण इंटरनेट घेतो तिच्या जोडणीच्या, आलेखातला पाच मिनिटांच्या सरासरीचा सर्वांत उंच सुळका घ्यावा. ९५ पर्सेंटाइलचा (सर्वांत वरची पाच टक्के मोजमापे सोडून उरलेला सर्वांत मोठा) आकडा बिलासाठी ठीक आहे, यंत्रासाठी नाही. ५,००० ग्राहक आणि पीकला, म्हणजे सर्वाधिक गर्दीच्या वेळी, प्रत्येकी सरासरी २.५ मेगाबिट धरले, तर १२.५ गिगाबिट होतात. दोन-तीन वर्षांची वाढ धरून २५ गिगाबिट. दोन राऊटर लावले तरी प्रत्येकाने हे एकट्याने पेलले पाहिजे, कारण एक गेल्यावर सगळा भार दुसऱ्यावरच येतो. दोघेही ७० टक्के भरलेले असतील, तर त्या जोडीचा उपयोग फक्त फोटो काढण्यापुरता.

दुसरा प्रश्न बीजीपी टेबलचा, म्हणजे जाळी एकमेकांना कळवतात त्या वाटांच्या (रूटच्या) यादीचा, आणि त्यावर जरा सविस्तर बोलायला हवे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगाचे आयपीव्ही४ रूट ५ लाख १२ हजारांच्या पुढे गेले आणि अनेक देशांतले जुने राऊटर अडखळले, कारण त्यांच्या हार्डवेअर टेबलमधली जागाच तेवढी ठेवलेली होती. आज हा आकडा दहा लाखांच्या घरात आहे, आयपीव्ही६ चे दोन लाखांहून अधिक रूट वेगळे. टेबल भरले की काही मॉडेल उरलेले रूट सीपीयूकडे ढकलतात. सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो, ओएसपीएफचे (जाळ्याच्या आतल्या वाटा ठरवणाऱ्या पद्धतीचे) हॅलो संदेश वेळेत जात नाहीत, बीजीपीचा होल्ड टायमर (शेजारच्या राऊटरची वाट पाहण्याची मुदत) संपतो, सेशन पडते, पुन्हा जुळते, पुन्हा लाखो रूट येऊ लागतात आणि सीपीयू पुन्हा गुदमरतो. ग्राहकाला दिसते ते दर काही मिनिटांनी येणारे-जाणारे नेट. तंत्रज्ञ रिबूट करतो, थोडा वेळ बरे वाटते, आणि मूळ कारण तसेच राहते.

पण फुल टेबल, म्हणजे जगभरचे सगळे रूट, हवे तरी कशाला? एकच अपस्ट्रीम असेल तर डिफॉल्ट रूट (‘बाकी सगळे या वाटेने’ हा एकच नियम) पुरतो. दोन अपस्ट्रीम आणि निक्सी किंवा डी-सिक्सच्या मुंबईतल्या एक्स्चेंजवर (अनेक जाळी जिथे एकत्र जोडली जातात तिथे) पीअरिंग, म्हणजे इतर जाळ्यांशी थेट देवाणघेवाण, असेल, तरी दोन्ही अपस्ट्रीमकडून डिफॉल्ट, सोबत त्यांच्या स्वतःच्या ग्राहकांचे रूट, आणि एक्स्चेंजवरचे पीअर रूट एवढ्यावर उत्तम काम चालते. व्हिडिओचा मोठा वाटा कॅश (जवळच साठवलेल्या प्रती) आणि पीअरिंगमधूनच येतो. डिफॉल्टची एक उणीव लक्षात ठेवावी: अपस्ट्रीमची पुढची वाट तुटली तरी डिफॉल्ट रूट येतच राहतो आणि पॅकेट विहिरीत पडतात. म्हणून अपस्ट्रीमकडून त्याच्या कोअरमधून येणारे दोन-चार ठरावीक रूट मागून घ्यावेत आणि ते दिसत असतील तरच त्याचा डिफॉल्ट वापरावा. एवढी काळजी घेतली तर निम्म्या किमतीचे यंत्र चालते आणि वाचलेल्या पैशात दुसरे येते. माझ्या मते ५,००० ग्राहकांपर्यंतच्या पुरवठादाराने फुल टेबलचा हट्ट धरूच नये.

तिसरी चूक सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत जास्त नुकसान करते. पीपीपीओई सेशन (ग्राहकांची लॉगिन), ग्राहकांची स्पीड मर्यादा, सीजीनॅट (अनेक ग्राहकांत एक पब्लिक आयपी पत्ता वाटणे) आणि बीजीपी ही चारही कामे एकाच डब्यात कोंबणे. नॅट (पत्ता बदलणे) चालू म्हणजे कनेक्शन ट्रॅकिंग (प्रत्येक जोडणीची नोंद ठेवणे) चालू; मग बऱ्याच यंत्रांत प्रत्येक पॅकेट सीपीयूतून जाते आणि हार्डवेअरचा वेगवान रस्ता सुटतो. हा डबा रिबूट झाला की सगळे ग्राहक एकदम डायल (लॉगिन) करतात, लॉगिन तपासणारा रेडियस सर्व्हर त्या लोंढ्याखाली दबतो, टाइमआउट झालेली सेशन पुन्हा डायल करतात, आणि दोन मिनिटांचा बंद तासभर पुरतो. बॉर्डरवर, म्हणजे अपस्ट्रीमला जोडलेल्या राऊटरवर, फक्त रूटिंग ठेवावे. पीपीपीओई स्वतंत्र बीएनजीवर (ग्राहकांची सेशन सांभाळणाऱ्या यंत्रावर), शक्य तर दोन-तीन लहान बीएनजीवर विभागून, म्हणजे एक गेला तरी एकाच भागाला फटका बसतो. रेडियसवर प्रतिसेकंद लॉगिनची मर्यादा घालावी.

सीजीनॅटही वेगळे. एका पब्लिक आयपीवर १,०२३ पर्यंतचे पोर्ट (इथे केबलची जागा नव्हे, जोडण्यांना दिले जाणारे क्रमांक) सोडले तर ६४,५१२ उरतात. प्रत्येक ग्राहकाला १,००८ पोर्टचा ठरलेला गट दिला तर एका आयपीवर बरोबर ६४ ग्राहक बसतात. वाटप असे आधीच ठरलेले असले की कोणता पोर्ट कोणाचा हे गणिताने निघते आणि नॅटच्या लॉगचे ओझे खूप कमी होते. नोंदींची बंधने मात्र टळत नाहीत. डिसेंबर २०२१ च्या परवाना दुरुस्तीनुसार आयपी तपशील किमान दोन वर्षे जपायचे आहेत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, आणि घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली हवीत. घड्याळ चुकलेल्या राऊटरचा लॉग पोलिसांना दिला तर भलत्याच घराचे दार ठोठावले जाईल.

आता मॉडेल. ज्युनिपरचा एमएक्स२०४ एक युनिट उंचीचा, ४०० गिगाबिटचा आहे आणि फुल टेबल आरामात पेलतो. मात्र चारही १०० गिगाबिट पोर्ट वापरले की आठही १० गिगाबिट पोर्ट बंद होतात, म्हणून पोर्टची मांडणी आधी कागदावर करावी. सिस्कोचा एएसआर १००१-एक्स जुन्या बाजारात भरपूर दिसतो; त्याचा वेग लायसन्सप्रमाणे २.५ ते २० गिगाबिट. लायसन्स आणि वाढीव मेमरी सोबत आहे का, हे पाहिल्याशिवाय किंमत ठरवू नये. मायक्रोटिकचा सीसीआर२२१६ कमी पैशात २५ गिगाबिटचे बारा आणि १०० गिगाबिटचे दोन पोर्ट देतो. रूटिंग स्विच-चिपकडे (पॅकेट हार्डवेअरमध्येच पुढे धाडणाऱ्या चिपकडे) सोपवता येते, पण चिपमध्ये पूर्ण जागतिक टेबल मावत नाही. वर सांगितलेल्या मोजक्या रूटच्या रचनेत तो शोभतो. मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरची जुनी राऊटरओएस ६ आवृत्ती बीजीपीचे काम सीपीयूच्या एकाच कोअरवर करते, त्यामुळे फुल टेबलसाठी ती विसरावी.

जुना माल घेताना आणखी सावधगिरी हवी. १५ जून २०२१ पासून परवानाधारकाला सरकारकडून ‘ट्रस्टेड’ (विश्वासार्ह) ठरलेलीच उपकरणे जाळ्यात जोडता येतात. टीईसी या दूरसंचार विभागाच्या संस्थेचे एमटीसीटीई (उपकरण-चाचणीचे) प्रमाणपत्रही पाहावे. सीरियल नंबरवरून सॉफ्टवेअर सपोर्ट तपासावा. २०१७ मध्ये इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० चिपमधला घड्याळ-सिग्नलचा दोष उघड झाला. तो असलेली यंत्रे साधारण १८ महिने चालल्यानंतर कायमची बंद पडू शकत होती, आणि अनेक नामांकित कंपन्यांच्या उपकरणांत ती चिप होती. ब्रँड पाहून हे कळत नाही, सीरियल नंबरवरून कळते.

दोन राऊटर एकाच रॅकमध्ये ठेवले तर एसी, वीज आणि पाणी या तिन्हींचा धोका दोघांना एकदमच. एक ठाण्यात आणि दुसरा महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये ठेवावा. दोन अपस्ट्रीमचे फायबर कोणत्या वाटेने येते, हे नकाशावर लेखी मागावे. बिले दोन कंपन्यांची आणि दोन्ही केबल ऐरोली पुलावरूनच, असे असेल तर जोडी नावापुरतीच. एक वाट ऐरोली पुलाची असेल तर दुसरी कळव्याकडून किंवा वाशीकडून हवी. घोडबंदर रोडवरच्या मेट्रोच्या कामाने तिथल्या डक्टचे काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे.

दोन राऊटरमध्ये आयबीजीपी (एकाच जाळ्याच्या आतले बीजीपी) आणि बीएफडी (लिंक जिवंत आहे का, हे ठोके पाठवून सतत तपासणारी पद्धत) लावावे. ३०० मिलिसेकंद आणि तीन हुकलेले ठोके, म्हणजे एका सेकंदाच्या आत बिघाड कळतो. सीपीयूवर चालणाऱ्या राऊटरला मात्र एक सेकंद आणि तीन ठोके द्यावेत, नाहीतर नुसत्या लोडने लिंक पडल्यासारखी वाटेल. दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या यूपीएसवर हवेत. बॅटरी दर सहा महिन्यांनी भार टाकून तपासावी. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवली की बॅटरी गेल्याचे कळते, हा तपास नव्हे. पुष्कळ राऊटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनलेले असतात, आणि बंद खोलीतला एसी मे महिन्यात गेला तर हा आकडा लवकर गाठला जातो.

ऑप्टिक्सही (फायबरमध्ये प्रकाश सोडणारी-घेणारी मॉड्यूल) राऊटरइतकीच बिघाडाची जागा. १० गिगाबिटच्या १० किलोमीटरवाल्या एलआर मॉड्यूलला उणे १४.४ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचे माप) प्रकाश चालतो, पण उणे १० च्या खाली गेला की कनेक्टर साफ करून स्प्लाइस तपासावा. ४० किलोमीटरवाले ईआर मॉड्यूल लहान पॅच कॉर्डवर अ‍ॅटेन्युएटरशिवाय (प्रकाश मंद करणाऱ्या भागाशिवाय) जोडले तर रिसीव्हर जळू शकतो.

खरेदी पक्की करण्याआधी यंत्र रॅकमध्ये घेऊन खरे रूट भरावेत, पहाटे तीन वाजता एक अपस्ट्रीम केबल उपटावी आणि पिंग किती वेळ तुटतो ते मोजावे. मग पॉवर सप्लाय काढावा. मग पूर्ण रिबूट करून सगळे रूट परत यायला किती वेळ लागतो, ते पाहावे. कॉन्फिगरेशनचा रोज बॅकअप, एक जादा पॉवर सप्लाय, जादा पंखा, आणि कन्सोल पोर्टवर दुसऱ्या कंपनीच्या सिमचा ४जी राऊटर हे खरेदीच्या यादीतच धरावे. स्वतःचे जाळे बंद असताना राऊटरपर्यंत पोचायची ती एकमेव वाट असते.

सोसायट्यांच्या समित्यांनी नवा करार करताना स्पीडच्या आकड्याखाली चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कोअर राऊटर किती व कोणत्या ठिकाणी, अपस्ट्रीमच्या दोन वाटा कोणत्या पुलांवरून, पीकला राऊटर किती टक्के भरलेला असतो, आणि केबल उपटण्याची चाचणी शेवटची कधी झाली.

आपला,
एक नेटवर्क अभियंता, ठाणे (प.)