साहेब झालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वडिलांच्या आजारपणामुळे उशिरा येणाऱ्या त्या माणसाकडे तू कानाडोळा केलास, बाकीच्यांनी ते पाहिलं, आणि आता जो तो उशिरा येऊन त्याच्याकडे बोट दाखवतो. म्हणून पुढच्या महिन्यापासून हजेरीसाठी थंब (अंगठ्याचं मशीन) बसवायचा आणि उशीर झाला की पगार कापायचा, असं तुझं जवळजवळ ठरलंय. ‘चांगुलपणा दाखवला की माणसं डोक्यावर बसतात, शेवटी नियमच लागतात,’ असं तू लिहिलंयस. तेवढं ठरवण्याआधी माझं ऐकून घे.

पहिली गोष्ट दंडाची. इस्रायलमधल्या हैफा शहरात 10 पाळणाघरांवर एक अभ्यास झाला होता. त्यातल्या 6 ठिकाणी मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशिरा येणारे कमी होतील अशी अपेक्षा. झाले जवळपास दुप्पट. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी 2000 साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्यामुळे बाई ताटकळल्या याची आधी मनाला टोचणी असायची, दंड आल्यावर पैसे टाकले की हिशोब मिटला. आणि पुढे दंड रद्द केला तरी आकडा खाली आला नाही. मला यातलं हे शेवटचं सगळ्यात गंभीर वाटतं. तुझ्याकडे आज जे लोक वेळेवर येतात त्यांच्यापैकी किती जण पगार कापला जाईल म्हणून येतात? बहुतेक जण सहकाऱ्यावर भार पडू नये म्हणून येत असतील. त्यांच्या त्या भावनेची तू किंमत ठरवून देशील, आणि एकदा ठरली की ती परत घेता येणार नाही.

मग नियम नकोतच का? तसंही नाही. चीनचा जुना विचारवंत कन्फ्यूशियस म्हणायचा, हुकूम आणि शिक्षेच्या जोरावर लोकांना हाकलं तर ते शिक्षा चुकवतात आणि लाज सोडतात. सदाचाराने नेलं तर लाजही राखतात आणि सुधारतातही. वाचायला फार छान वाटतं. पण त्यानंतर काही शतकांनी त्याच देशात हान फेई नावाचा कायदा मानणारा विचारवंत झाला, त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं की थोर राजे हजार पिढ्यांत एखादे, अट्टल दुष्टही तितकेच विरळ. राज्य चालवतात ती मधली माणसं, आणि त्यांना कायद्याचा आधार लागतो. हे मला मनापासून पटतं. ज्या ऑफिसचा कारभार एका माणसाच्या सज्जनपणावर चालतो, तिथे त्याची बदली झाली की सगळं कोसळतं.

पण याच हान फेईने सांगितलेली एक गोष्ट बघ. एक राजा दारू पिऊन झोपी गेला. थंडी वाजेल म्हणून त्याच्या टोपीची जबाबदारी असलेल्या सेवकाने त्याच्या अंगावर वस्त्र घातलं. राजा उठला, खूश झाला, कुणी घातलं म्हणून विचारलं, आणि मग दोघांना शिक्षा केली. वस्त्रांच्या सेवकाला काम चुकवलं म्हणून, आणि टोपीच्या सेवकाला आपली हद्द ओलांडली म्हणून. हान फेईच्या मते राजाने योग्य केलं. मला मात्र त्या दरबारातली पुढची रात्र दिसते. राजा कुडकुडतोय, भोवती माणसं उभी आहेत, आणि प्रत्येक जण आपलं नेमून दिलेलं काम तेवढं चोख करतोय. अशी ऑफिसं तू आणि मी दोघांनी पाहिली आहेत. ‘हे माझ्याकडे येत नाही’ हे वाक्य तिथे दिवसभर कानावर पडतं.

माझं मत सांगतो. जिथे सत्ता तुझ्या हातात आहे तिथे नियम कडक ठेव: रजा, पगारवाढ, बढती, कुणाला कुठलं काम मिळणार, तक्रारीचं काय होणार. तिथे तुझा चांगुलपणा कुणाच्या उपयोगाचा नाही, कारण तो तुझ्या मर्जीवर चालतो आणि मर्जी म्हटलं की मर्जीतले आलेच. आणि जिथे गोष्ट त्यांच्या हातात आहे, म्हणजे काम कसं करायचं, अडलेल्याला हात द्यायचा की नाही, चूक आपणहून सांगायची की नाही, तिथे नियम कमीत कमी ठेव आणि माणसांवर सोड. आपण बहुतेक साहेब उलटं करतो. हाताखालच्यांना थंब आणि आपल्याला ‘परिस्थिती पाहून निर्णय’.

त्या माणसाला सवलत दिलीस ते योग्यच केलंस. ती गुपचूप दिलीस, तिथे पायंडा बिघडला. कुठलीही सूट देताना मी एकच बघतो: ही सगळ्यांसमोर, कारणासकट सांगता येईल का? सांगता येत असेल, तर तिचा सरळ नियम करावा. घरात गंभीर आजारपण असेल त्या कुणालाही ठरावीक काळ वेळेत सवलत. कारण खासगी असेल तर त्याचं नाव न घेताही हे जाहीर करता येतं. सांगता येत नसेल, तर ती सूट नव्हे, तोंड बघून केलेली मेहेरबानी आहे.

चांगला नियम माणसाच्या प्रामाणिकपणाला आडोसा देऊ शकतो, हे मात्र विसरू नकोस. अमेरिकेत 1976 पासून वैमानिकांसाठी नासा एक व्यवस्था चालवते. नकळत नियम मोडला गेला आणि तो आपणहून ठरलेल्या मुदतीत कळवला, तर सहसा दंड होत नाही; गुन्हा किंवा अपघात असेल तर ही सवलत नाही. खरं बोलणाऱ्याला किती धैर्य लागेल, तेही नियमाने कमी करता येतं.

आमच्याकडे एका मुलीने चुकीच्या दराचं कोटेशन पाठवलं होतं. संध्याकाळी सगळे निघत असताना ती लॅपटॉप उघडाच हातात धरून माझ्या टेबलापाशी आली. तिचा आवाज निघत नव्हता. मी फक्त विचारलं, ‘ग्राहकाने ऑर्डर दिली का?’ नव्हती दिली. तिथेच बसून दोघांनी दुरुस्तीचा मेल लिहिला, तिच्याच नावाने पाठवला. बाकीचे दाराशी बॅगा घेऊन रेंगाळत होते, सगळं ऐकत होते. मी काय बोलतो यावर पुढच्या वेळी त्यांच्यातलं कोण बोलणार आणि कोण लपवणार हे ठरणार होतं, याची मला त्या क्षणी पूर्ण जाणीव होती. दुसऱ्या दिवशी आम्ही मिळून एक नियम केला: कोटेशनमधले दर दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय ते बाहेर जाणार नाही. माझं कोटेशनसुद्धा.

थंबचं मशीन आणायचंच असेल तर आण, पण पहिला अंगठा तुझा असू दे आणि तुझ्या वेळा सगळ्यांना दिसू देत. पगार कापण्याचं मात्र थांबव. त्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून विचार, उशिराने नेमकं कुणाचं काम अडतं. आणि एक गोष्ट मला उलट टपाली कळव: तुमच्याकडे एखाद्याची तक्रार खुद्द तुझ्याविरुद्ध असेल, तर ती कुणाकडे जायची हे ठरलेलं आहे का?

तुझा,
जुना सोबती