पेंद्या झालेल्या नानांना, मावशीच्या लेकीकडून

आदरणीय नाना,
साष्टांग नमस्कार.

परवा माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या खात्यात सरकारच्या कलावंत मानधनाचे पहिले ५,००० रुपये जमा झाले. मेसेज मी त्यांना दोनदा वाचून दाखवला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला पत्र लिहायचं आणि ते चारचौघांत वाचलं जाईल असंच लिहायचं. आमचा अपमानही चारचौघांतच झाला होता.

बत्तीस वर्षं अण्णांनी तमाशातल्या गवळणीत मावशीचं सोंग उभं केलं. लुगडं, नथ, कपाळभर कुंकू, आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींच्या पुढे त्यांची ती ठसक्यातली चाल. मानधनासाठी कलावंत असल्याचा पुरावा मागितला गेला, तेव्हा एका टेबलावर ऐकून घेतलं, "लुगडं नेसून नाचणारा कसला कलावंत?" आजूबाजूचे हसले. अर्धांगवायूने वाचा गेलेले अण्णा खाली मान घालून बसून होते. ज्या फडात त्यांनी अठरा हंगाम काढले, त्याच्या मालकांनी तर दारातूनच सांगितलं, "तशी नोंद काही ठेवलेली नाही." दसऱ्याला दिलेल्या उचलीची नोंद मात्र पै-पैशाची असायची. हिशेब फिटला की तेवढं पान फाडायचे. त्या पानाबरोबर माणूसही फाडला जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटचा उपाय म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही आता थिएटरचे मॅनेजर, तमाशाच्या पार्ट्यांच्या बाऱ्या, म्हणजे खेळांच्या पाळ्या, लावणारे, तिकिटाच्या खिडकीपासून मेकअपच्या खोलीतल्या बल्बपर्यंत सगळं बघणारे. ओळख द्याल की नाही, याची धाकधूक होती.

नाना, कागदाचं काम तुम्ही केलंत, त्याचे उपकार आहेतच. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या दोन मिनिटांचं. मी अण्णांना धरून ऑफिसच्या दारात उभी होते. तुम्ही चष्मा वर केलात, खुर्चीतून उठलात. गुडघे धरलेले, म्हणून टेबलाचा आधार घेत बाहेर आलात. मला वाटलं, हात जोडाल. तुम्ही तर गवळणीतला पेंद्या झालात, कृष्णाचा लंगडा सवंगडी; दोन्ही हात आडवे पसरून अण्णांची वाट अडवलीत आणि खणखणीत आवाजात म्हणालात, "ए मावशे, दान दिल्याबगर म्होरं जायाचं न्हाई!"

चौदा महिने अण्णांच्या तोंडून 'हं' आणि 'नको' याशिवाय काही निघालं नव्हतं. त्यांचे ओठ हलले. पदर सावरावा तसा डावा हात खांद्याकडे गेला. आणि जड, तुटक, पण स्पष्ट आलं, "कशाचं दान रं, मेल्या?"

तुम्ही लंगडत लंगडत त्यांच्याभोवती एक फेरी मारलीत. पेंद्याची चाल सोंगाची की खऱ्या गुडघ्यांची, ते मला समजलं नाही. थिएटरातली पोरं काम टाकून बघत होती. तिथेही चारचौघं हसलीच, पण ते हसू अण्णांचं हक्काचं होतं. त्यांनी मिळवलेलं होतं.

मग तुम्ही कपाट उघडलंत. बाड निघालं, कापडात बांधलेलं. कुठल्या रात्री कुठला वग, गणाला कोण, ढोलकीवर कोण, राजा कोण, प्रधान कोण. मध्ये पिवळी पडलेली हँडबिलं चिकटवलेली. 'मावशी' या शब्दासमोर दरवेळी अण्णांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तुमच्या गोल अक्षरात.

अण्णांनी मला तुमच्याविषयी पूर्वी पुष्कळ सांगितलं होतं. बाराव्या वर्षी झीलकरी, म्हणजे मागे सूर धरणारा, म्हणून फडात आलात, पुढे सोंगाड्या झालात. मुंबईत गिरणगावच्या थिएटरांत पगाराच्या आठवड्याला सातारा-सांगलीकडचे कामगार तुमच्या विनोदी बतावणीला रुपये लावायचे. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या पडत गेल्या. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तुम्ही तिकिटाच्या खिडकीत बसलात आणि तिथून मॅनेजर झालात. पण मॅनेजर झाल्यावर तुम्ही पहिलं काम काय केलंत, तर ही वही सुरू केलीत. "मालकाचं नाव बोर्डावर असतं, आपल्या लोकांचं कुठं असतं, पोरी?" असं तुम्ही मला म्हणालात, तेव्हा मला बोलता आलं नाही. आज बोलतेय. स्वतः नाचलेला, उपाशी झोपलेला, पालाच्या कडेला तोंडाचा रंग पुसलेला माणूस खुर्चीत बसला आणि खालच्यांना विसरला नाही. अशी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांची घरं उभी राहतात. तुमच्या वहीमुळे आणखी किती म्हाताऱ्यांच्या चुली पेटत असतील, ते तुम्ही कधी सांगणारही नाही.

अण्णा आता थोडं बोलतात. संध्याकाळी दुधाची किटली घेऊन मी दारात आले, की डावा हात आडवा धरून माझी वाट अडवतात. काल मी विचारलं, नानांना काय कळवू? पुष्कळ वेळ शब्द जुळवत बसले. मग म्हणाले, "दान... ऱ्हायलंय."

म्हणून या पत्रासोबत घरच्या लोण्याचा डबा पाठवतेय. गुडघ्यांना जपा.

तुमची,
मावशीची लेक