अमेरिकेतलं चर्च म्हणजे फक्त ट्रम्पवाले नव्हेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पेपरात अमेरिकेतलं चर्च आणि तिथलं राजकारण यावर लेख आला होता. लेख चांगलाच होता, गोऱ्या इव्हँजेलिकल (म्हणजे बायबलच्या शब्दाला धरून चालणाऱ्या, सनातनी वळणाच्या प्रोटेस्टंट) मतदारांपैकी दहातले साधारण आठ जण ट्रम्पना मत देतात वगैरे सगळं बरोबर आहे, पण वाचून संपल्यावर कुणालाही वाटेल की इथलं चर्च म्हणजे एवढंच. जानेवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये बिशप मॅरिअन बडी यांनी ट्रम्पना समोर बसवून स्थलांतरितांवर आणि समलिंगी मुलांवर दया करा असं सांगितलं तेव्हा आपल्याकडेही थोडी चर्चा झाली, पण ती एक धाडसी बाई म्हणून. त्यांच्यामागे चर्चची एक अख्खी जुनी परंपरा आहे हे काही कुठे आलं नाही, म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, मी ख्रिश्चन नाही, होणारही नाही, घरी देव्हारा आहे आणि तो तिथेच राहणार आहे. मी बॉस्टनजवळ राहतो आणि आमच्या गावातल्या एका चर्चच्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट धान्य देतात तिथे, शनिवारी खोकी उचलायला जातो, बस्स. हे चर्च युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या पंथाचं (बडी एपिस्कोपल पंथाच्या, हा दुसरा, पण परंपरा तीच), इथे सगळे यूसीसीच म्हणतात.

आता गंमत बघा. हा पंथ आपल्याला अनोळखी नाही. 1813 मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, पुढे 1831 मध्ये नगरला सुरू झालेलं मिशन, 1842 पासूनचं ज्ञानोदय हे नियतकालिक, नगरची मिस फॅरार यांची मुलींची शाळा जी बघून जोतीराव फुले भारावून गेले, हे सगळं परदेशात मिशनरी पाठवणाऱ्या ज्या अमेरिकन बोर्डाने केलं तो बोर्ड मुख्यतः इथल्या काँग्रिगेशनल चर्चेसचा होता. तीच चर्चेस 1957 मध्ये आणखी एका पंथाबरोबर एकत्र आली आणि यूसीसी झालं. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात ज्यांचं नाव येतं त्यांचे आजचे वारस काय करतात, हा खरं तर मराठी पेपरचाच विषय आहे.

त्यांनी केलेल्या गोष्टी भरपूर आहेत. अँटोनेट ब्राउन नावाच्या बाईला 1853 मध्ये पाद्री केलं, 1972 मध्ये उघडपणे गे असलेल्या विल्यम जॉन्सन यांना पाद्रीपदाची दीक्षा दिली, 2005 मध्ये समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला, कोर्टाने देशभर मान्यता द्यायच्या दहा वर्षं आधी. पण मला सगळ्यात भारी वाटते ती टीव्हीची गोष्ट, आणि तुम्ही पेपरवाले म्हणून तुम्हालाही आवडेल. मिसिसिपीत जॅक्सन शहरात डब्ल्यूएलबीटी नावाचं टीव्ही स्टेशन होतं, काळ्या लोकांच्या हक्कांच्या बातम्या आल्या की दाबायचं. यूसीसीचे एव्हरेट पार्कर यांनी 1964 मध्ये काय केलं, तर भाषण नाही, मोर्चा नाही, स्थानिक लोकांना घरात टीव्हीसमोर बसवलं आणि काय दाखवतात, काय दाखवत नाहीत याच्या नोंदी करायला लावल्या. मग त्या वह्या घेऊन लायसन्सला आव्हान दिलं. सरकारी कमिशन म्हणालं प्रेक्षकांचा यात काय संबंध, 1966 मध्ये कोर्टाने सांगितलं की प्रेक्षकांचा संबंध आहेच, आणि 1969 मध्ये त्या स्टेशनचं लायसन्स गेलं. तसंच 1987 मध्ये यूसीसीच्याच एका कमिशनने देशभरातले पत्ते आणि आकडे जुळवून दाखवून दिलं की विषारी कचरा कुठे टाकायचा हे ठरताना वंश हा सगळ्यात मोठा घटक दिसतो, गरिबीपेक्षाही मोठा. पर्यावरणाच्या चळवळीत आज वंशभेदाबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं तिथून सुरू झालं.

हे सगळं वरच्या पातळीवरचं झालं. खरी मजा खाली आहे, एकेका चर्चमध्ये. या पंथात वरून हुकूम येत नाही. दर दोन वर्षांनी यांची जनरल सिनॉड, म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींची सभा, भरते, ठराव होतात, पण तो ठराव गावातल्या चर्चवर बंधनकारक नसतो, प्रत्येक चर्चची मंडळी आपापलं ठरवते, पाद्रीसुद्धा तीच निवडते आणि नाही पटला तर तीच घालवते. दारावर समलिंगींच्या स्वागताचा इंद्रधनुष्याचा झेंडा लावायचा का, यावरही मीटिंगा होतात, कधी कधी वर्ष-दोन वर्षं, आणि मग मतदान. आपल्याकडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जो गोंधळ असतो तोच, फक्त आवाज खाली. गेल्या वेळच्या सभेला मी मागे उभा होतो, छत गळतंय त्याला पैसे आधी की पँट्रीच्या नव्या फ्रीजरला आधी यावर एक आजी आणि एक तरुण वकील असे भांडले की बस, आणि त्याच आजी नंतर खाली हॉलमध्ये त्याच वकिलाला कॉफी ओतून देत होत्या.

मला म्हणायचंय ते हेच आहे. बाहेरचे लोक यांचं सोशल जस्टिस बघतात, बॅनर बघतात, आणि एक तर भारावतात नाही तर नाकं मुरडतात, पण ते सगळं काम उभं आहे ते या कॉफीवर. रविवारी प्रार्थनेत एक वेळ असते जेव्हा कुणीही उठून आपलं सुखदुःख सांगतं, अमक्याचं ऑपरेशन आहे, तमकीच्या मुलाची नोकरी गेली, आणि संध्याकाळपर्यंत कोण जेवण पोचवणार, कोण हॉस्पिटलला सोडणार याची यादी भरलेली असते. ज्या माणसाने तुमच्या आईला किमोला नेलंय त्याने उद्या सांगितलं की चल, डिपोर्टेशनच्या केसमध्ये एका कुटुंबाबरोबर कोर्टात जाऊन बसायचंय, तर तुम्ही जाता, बॅनर बघून कोणी जात नाही. ॲरिझोनात टूसॉनच्या साउथसाइड चर्चने (ते प्रेस्बिटेरियन या वेगळ्या पंथाचं, पण जात एकच) 1982 मध्ये जाहीर केलं की मध्य अमेरिकेतून जीव वाचवून आलेल्यांना आम्ही आसरा देणार, पुढे त्यांचे पाद्री जॉन फाइफ आणि इतरांवर खटला झाला, 1986 मध्ये दोषीही ठरले. एकमेकांना नुसतं रविवारी हॅलो करणारी माणसं एवढी जोखीम घेत नाहीत. आणि हा विषय आता परत ताजा झालाय, कारण चर्च, शाळा, हॉस्पिटलात शक्यतो कारवाई करायची नाही असं इमिग्रेशन खात्याचं जे धोरण होतं ते जानेवारी 2025 मध्ये रद्द झालं.

पँट्रीबद्दल आपल्याकडे पहिला प्रश्न येणार मला माहितीये, धान्य देऊन धर्म देतात का? मी तरी आजवर तिथे एकदाही प्रार्थना ऐकलेली नाही. लोक रांगेत येतात, कुठल्या गावातून आलात आणि घरात किती माणसं एवढं त्यांना विचारलं जातं, मग ते दुकानात घेतो तसं शेल्फवरून आपलं आपण घेतात. आधी पिशव्या भरून हातात द्यायचे, ते बंद केलं, कारण ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्या पिशवीत पीनट बटर जायचं, आणि माणसाला आपली डाळ आपण निवडता यावी यात मान असतो.

पैशाची एक युक्ती मात्र ऐकून मी चाट पडलो. इथे हॉस्पिटलची बिलं थकली की ती वसुलीवाल्यांना कवडीमोलाने विकली जातात. काही चर्चेस एका ना-नफा संस्थेमार्फत तीच थकबाकी विकत घेतात आणि माफ करून टाकतात, साधारण 1 डॉलरमध्ये 100 डॉलरचं कर्ज सुटतं. शिकागो भागातल्या यूसीसी चर्चेसनी 2019 मध्ये असं 50 लाख डॉलरच्या वरचं कर्ज पुसलं. घरी एक पाकीट येतं, आत लिहिलेलं असतं की तुमचं देणं संपलं. कोणी फोटो काढायला येत नाही. (अर्थात यामुळे हॉस्पिटलं बिलं कशी लावतात ते बदलत नाही, हे तेही मान्य करतात.)

आता कौतुकच चाललंय असं वाटेल म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ही मंडळी बहुतेक गोरी, शिकलेली आणि म्हातारी आहेत, बाकं रिकामी होत चाललीत, दरवर्षी कुठेतरी एखादं चर्च विकलं जाऊन तिथे फ्लॅट होतात. ठराव करायची यांना हौस फार, ठराव झाला की काम झालं असं वाटणारेही आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये 2021 च्या कायद्याने रेल्वे स्टेशनजवळच्या गावांना जास्त घरं बांधू द्या असं सांगितलं, त्यावर गावोगावी भांडणं झाली, आणि अंगणात सर्वांचं स्वागत आहे अशी पाटी लावलेल्या घरातूनच इथे अपार्टमेंट नको म्हणणारी पत्रं गेली. आमच्याकडच्या पाद्रीबाईंनी प्रवचनात यावर बोलल्यावर दोन-तीन घरं नाराज झाली, पण त्या बोलल्या. (1954 च्या कायद्याने करमुक्त चर्चना एखाद्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला मनाई केली, प्रश्नावर मात्र बोलता येतं, आणि ही रेघ त्या बरोबर सांभाळतात.)

तर विनंती अशी की अमेरिकेतल्या निवडणुकीच्या वेळी चर्चवर लिहाल तेव्हा दोन परिच्छेद यांनाही द्या. आणि अजून एक, नगर आणि मुंबईहून त्या काळच्या मिशनऱ्यांनी बोस्टनला पाठवलेली पत्रं, अहवाल हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत ठेवलेली आहेत, अभ्यासकांना बघता येतात. मुलांना भेटायला इथे येणारे निवृत्त प्राध्यापक आणि पत्रकार कितीतरी आहेत, तुमच्या रविवार पुरवणीसाठी त्यातल्या कुणाला तरी तिथे बसवा, गाडीने न्यायची-आणायची जबाबदारी माझी.

आपला,
एक जुना वाचक, बॉस्टनजवळून