नऊ नंबरची जर्सी

नोव्हाय, मिशिगन
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय विलास,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. सेंटर फॉरवर्डचा गुडघा गेला, आणि ज्याच्या जिवावर तुझी मधली फळी उभी आहे तो पोरगा पुढच्या हंगामात समोरच्या पेठेकडून खेळणार म्हणतोय. "ज्याला मी सातवीत असताना पहिले बूट घेऊन दिले..." एवढं बोलून तू थांबलास. पुढं बराच वेळ नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. मग एकदम विचारलंस, "तुमच्या तिकडं तर माणसांचीच अदलाबदल करतात म्हणे, बाजारात बैल बदलावेत तशी. तुला ते बघवतं कसं?"

याचं उत्तर मेसेजमध्ये मावणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. बाहेर बर्फ पडतोय, येत्या रविवारी सुपर बोल, म्हणजे इथल्या फुटबॉलचा वर्षाचा अंतिम सामना आहे आणि आमचे डेट्रॉइट लायन्स त्यात नाहीत. तेव्हा मनात हेच चालू आहे.

इथल्या फुटबॉलला तू फुटबॉल म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट समजून घे. अकरा जणांत एक क्वार्टरबॅक असतो. त्याच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो, त्यातून प्रशिक्षक पुढची चाल सांगतात. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं सगळं त्याच्यावर. समोरच्यांची मांडणी वाचायची, चाल बदलायची असेल तर ओरडून बदलायची आणि चेंडू हातात आला की दोन-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा ते ठरवायचं. तेवढ्या वेळात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात. त्याच्यापुढं पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात, त्यांनी जीव लावून अडवलं तरच त्याला तो वेळ मिळतो. म्हणजे हा माणूस संघाचा मालक असल्यासारखा दिसतो, पण त्याचं सगळं बाकीच्या दहा जणांच्या इच्छेवर चालतं. त्याच्यासाठी मार खावा असं त्यांना वाटलं पाहिजे. ते पगारातून येत नाही.

मी इथं आलो २००८ च्या हिवाळ्यात. त्या हंगामात लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोघांनीही दिवाळखोरीचा अर्ज केला. मी ज्या सुट्या भागांच्या कंपनीत होतो तिथं दर शुक्रवारी कुणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं. सोमवारी आपण असू की नाही, याची खात्री नसायची. सगळ्यात तळाच्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते, त्याला इथं ड्राफ्ट म्हणतात. त्या निवडीत डेट्रॉइटनं क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डला घेतलं. एकवीस वर्षांचा पोरगा, जर्सी नऊ नंबर.

२२ नोव्हेंबर २००९, क्लीव्हलंड ब्राउन्सविरुद्धचा सामना. वेळ संपत आलेली, आम्ही सहा गुणांनी मागे. स्टॅफर्डनं लांब चेंडू फेकला आणि त्याच क्षणी तो जमिनीवर आदळला. डावा खांदा निखळला. समोरच्यांच्या चुकीमुळं चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर आला, घड्याळात शून्य, फक्त एक चाल बाकी. डॉक्टर त्याला धरून होते, बदली खेळाडू आत निघाला होता. तेवढ्यात क्लीव्हलंडनं टाइमआउट घेतला. नियमानं तेवढ्यानं स्टॅफर्डला परत यायची मुभा मिळाली आणि तो डॉक्टरांच्या हातून निसटून धावत मैदानात आला. डावा हात लोंबकळतोय, उजव्यानं फेक, चेंडू गोलरेषेपार आपल्या माणसाच्या हातात, म्हणजे टचडाउन. ३८-३७. मी घरात एकटा उभा राहून ओरडलो, विलास. त्या हंगामात आम्ही सगळे मिळून दोनच सामने जिंकलो, पण त्या दिवसापासून हा माणूस माझा झाला.

तो बारा वर्षं इथं राहिला. तीनदा संघ प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंत गेला, तीनदा पहिल्याच सामन्यात हरला. प्रशिक्षक बदलले, तो बोटं मोडून, पाठ दुखावून खेळत राहिला आणि त्याच्या तोंडून कधी सहकाऱ्याबद्दल वावगा शब्द ऐकला नाही. मग जानेवारी २०२१ मध्ये त्यानं आणि क्लबनं ठरवलं की आता वेगळं व्हायचं. ३० तारखेला रात्री बातमी आली: स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सकडे. बदल्यात डेट्रॉइटला त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, शिवाय ड्राफ्टमधल्या रॅम्सच्या वाट्याच्या २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि २०२१ ची तिसऱ्या फेरीची एक.

तुझ्या पोराला जायचंय. स्टॅफर्डलाही जायचं होतं. म्हणून मला आधी तुझ्या जागी बसूनच ते दुखलं. पण नंतर मी सगळ्यात जास्त विचार केला तो दुसऱ्याचा, ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्याचा.

गॉफ २०१६ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. चोविसाव्या वर्षी रॅम्सला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. तिथं १३-३ असे हरले आणि हळूहळू त्याच्यावरचा विश्वास आटला. डिसेंबर २०२० मध्ये सिएटलविरुद्ध त्याचा फेकीच्या हाताचा अंगठा मोडला, ऑपरेशन झालं. बारा दिवसांनी त्याच सिएटलविरुद्ध प्लेऑफचा सामना. गॉफ बाकावर, बदली खेळाडू मैदानात. पहिल्याच सत्रात त्या बदली खेळाडूच्या मानेला मार लागला. गॉफ उठला, टाके ओले असलेल्या अंगठ्यानं खेळला आणि ३०-२० असा सामना जिंकून दिला. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याला डेट्रॉइटला पाठवलं. सगळे म्हणाले, खरा सौदा निवडींचा आहे, गॉफ नुसता वजनाला टाकलाय. मीही तेच म्हणालो होतो. ते चूक होतं, हे तुला लेखी देतो.

पहिला हंगाम भयंकर गेला. डिसेंबर उजाडेपर्यंत दहा पराभव, एक बरोबरी, विजय एकही नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ला आमच्या उत्तरेकडच्या ऑक्सफर्ड गावात शाळेत गोळीबार झाला, चार मुलं गेली. माझी मुलगी तेव्हा त्याच वयाची. त्या आठवड्यात आम्ही आईबाप मुलांना शाळेच्या दारात सोडून गाडीतच बसून राहायचो. ५ डिसेंबरला मिनेसोटाविरुद्ध अगदी शेवटच्या चालीवर गॉफनं अमॉन-रा सेंट ब्राउनकडे चेंडू फेकला आणि आम्ही २९-२७ जिंकलो. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी विजयाचा चेंडू ऑक्सफर्डच्या लोकांना अर्पण केला आणि गेलेल्या मुलांची नावं घेतली. त्या दिवसापासून मी गॉफला "तिकडून आलेला" म्हणणं सोडलं.

तिकडं स्टॅफर्डनं पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला, सिनसिनाटीविरुद्ध २३-२०. सहकारी कूपर कप याला दिलेला शेवटचा पास मी हात जोडून बघत होतो. इथले कितीतरी लोक त्या रात्री रॅम्सच्या बाजूनं होते.

आता दुखापत काय करते बघ. २०२२ मध्ये स्टॅफर्डला डोक्याला आणि मणक्याला मार बसला, नऊच सामने खेळला. रॅम्स ५-१२ वर घसरले. सुपर बोल जिंकलेल्या संघाचा पुढचा हंगाम इतका वाईट कधीच गेला नव्हता. आणि त्यांची २०२३ ची पहिली निवड तर आमच्याकडे होती! त्यांच्या प्रत्येक पराभवानं आमचा नंबर वर सरकत होता, तो सहावर आला. आमचे जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स यांनी तो नंबर दुसऱ्या संघाला देऊन खालच्या दोन निवडी घेतल्या आणि त्यातून जमीर गिब्स आणि सॅम लापोर्टा आले. त्याआधीच्या वर्षी रॅम्सकडून आलेली निवड पुढं देऊन जेमसन विल्यम्सला घेतलं होतं. हे होम्स पूर्वी रॅम्सकडेच तरुण खेळाडू शोधायचे, गॉफला तिथं निवडलं तेव्हाही ते होते. ज्याला आपण अंकुरापासून पाहिलंय त्याची किंमत बाजाराला विचारायची नसते, हे त्यांना ठाऊक असावं.

एका माणसाच्या मणक्याला मार बसतो आणि दोन हजार मैलांवरच्या शहराचं नशीब फिरतं. त्याचा आनंद मानायचा की नाही, हे मला आजही कळलेलं नाही. स्टॅफर्ड मैदानावर उठत नव्हता तेव्हा मला निवडीचा नंबर आठवला नव्हता, एवढं मात्र खरं.

बाकीच्या क्वार्टरबॅकचं थोडक्यात सांगतो. २००१ मध्ये न्यू इंग्लंडचा ड्रू ब्लेडसो जबर मार लागून बाहेर गेला, छातीत रक्तस्राव झाला, आणि १९९ व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रेडी आत आला. ब्रेडीचं पुढं काय झालं ते तूही ऐकून आहेस. पण त्याच हंगामात पिट्सबर्गविरुद्ध ब्रेडीचा घोटा दुखावला तेव्हा ब्लेडसोनंच येऊन सामना काढला, आणि पुढच्या वर्षी त्याला बफेलोला पाठवलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्सनं एरन रॉजर्सला मोठा सौदा करून आणलं, चौथ्याच चालीवर त्याची टाचेची शीर तुटली. त्याच वर्षीच्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी कोपर दुखावून गेला, त्याचा बदलीही डोक्याला लागून गेला, आणि एवढ्या मोठ्या सामन्यात चेंडू फेकायला माणूसच उरला नाही. त्यानंतर लीगनं तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियमच आणला. तुझ्याकडे दुसरा सेंटर फॉरवर्ड तयार आहे का? हे उगाच विचारत नाही.

आता १४ जानेवारी २०२४. तीस वर्षांनी लायन्सनी आपला विभाग जिंकला होता. प्लेऑफचा सामना घरच्या फोर्ड फील्डवर आणि समोर कोण, तर रॅम्स. इकडं गॉफ, तिकडं स्टॅफर्ड. दुसऱ्या दिवशी संक्रांत, त्यामुळं आमच्या बेसमेंटमध्ये चार मराठी कुटुंबं, बायका वरच्या मजल्यावर तिळाच्या वड्या थापत होत्या. बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

स्टॅफर्ड मैदानात आला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मला ते आवडलं नाही, आजही आवडत नाही. बारा वर्षं ज्यानं अंगावर घेतलं त्याला एवढंही देऊ नये? पण त्याच लोकांनी "जॅरेड गॉफ! जॅरेड गॉफ!" असा जो गजर केला, तसा मी कुठल्याच मैदानात ऐकलेला नाही. ज्याला त्याच्या माणसांनी नको म्हटलं, त्याला एका अख्ख्या शहरानं हाक मारली. स्टॅफर्ड ३६७ यार्ड फेकून सुंदर खेळला, त्यांनी आमच्या दाराशी येऊन तीनदा टचडाउनऐवजी तीन-तीन गुणांवर समाधान मानलं, आणि शेवटी गॉफनं सेंट ब्राउनला अकरा यार्डांचा पास देऊन घड्याळ संपवलं. २४-२३. बत्तीस वर्षांनी प्लेऑफमधला पहिला विजय. मी तुला फोन केला तेव्हा तुमच्याकडे संक्रांतीची सकाळ होती, तू तालमीच्या कट्ट्यावर होतास, आठवतंय? मला बोलता येत नव्हतं.

त्या रात्री मैदानात नऊ नंबर दोन्हीकडे होता. तिकडं स्टॅफर्ड, इकडं त्याच्या बदल्यातल्या निवडीतून आलेला विल्यम्स, त्यानं तो नंबर त्याच हंगामात घेतला. माझ्याकडची स्टॅफर्डची जर्सी कपाटात आहे. विल्यम्सची मुलीनं घेतली. दोन्ही एकाच दोरीवर वाळत घालतो.

हा हंगाम पंधरा विजयांचा होता आणि तो दुखापतींनी खाल्ला. आमचा इथलाच, प्लीमथचा एडन हचिन्सन ऑक्टोबरमध्ये डॅलसला पाय मोडून बसला, मग बचाव फळीतले एकामागून एक गेले. १८ जानेवारीला वॉशिंग्टननं आम्हाला ४५-३१ हरवलं. गॉफचे तीन पास त्यांनी पकडले. मध्यंतरी त्याच्या डोक्याला लागलंय का हे तपासेपर्यंत बदली क्वार्टरबॅक टेडी ब्रिजवॉटर आत आला होता. तो डिसेंबरपर्यंत मायामीत आपल्याच जुन्या शाळेच्या पोरांना शिकवत होता, त्यांना फ्लोरिडाचं राज्य विजेतेपद मिळवून दिलं आणि मग इथं आला. त्याला पाहून तुझी आठवण झाली.

तर, मला कसं बघवतं? दरवेळी दुखतं. पण जाणाऱ्याला वाईट न बोलता जाऊ दिलं तर तो परत समोर आल्यावर मान खाली घालावी लागत नाही. तुझ्या पोरानं तुझ्याकडून बूट घेतले, ते फेडायचं कर्ज नव्हतं. जाऊ दे त्याला, आणि बाकीच्यांसमोर त्याचं नाव चांगल्या शब्दांत घे. ते सगळे ऐकत असतात, उद्या त्यांच्याबद्दल तू काय बोलशील याचा अंदाज घेत. आणि ज्याचा गुडघा गेलाय त्याला घरी बसवू नकोस. रोज मैदानावर आण, कुबड्या घेऊन का होईना. ऑपरेशनचा खर्च काय येतोय ते मोकळेपणानं कळव, आम्ही इथले तिघं-चौघं आहोत.

त्या दुसऱ्या पोराचा हंगाम अजून तुझ्याकडेच चालू आहे ना? पुढची मॅच कधी ते लिही आणि लाइव्ह दिसत असेल तर लिंक पाठव. तुमचे दुपारचे चार म्हणजे इथं पहाटेचे साडेपाच. मी उठेन.

तुझा,
प्रकाश